मोरीमागचं अळू

बाजारात अळूची जुडी दिसली की माझ्या नाकात अजून त्या पावडरीचा कुबट वास भरतो. डोंबिवलीच्या आमच्या तळमजल्याला वाळवी लागायची, म्हणून बाबांनी बीएचसी नावाची विषारी पावडर आणून ठेवलेली. पुढे सरकारने ती बंद केली, तेव्हा आई म्हणाली, "लांब कुठेतरी टाकून ये," आणि मी कंटाळा करून पिशवी मोरीमागे अंगणातच पुरली. वर्षं गेली, मी विसरलो. मग एका ऋषिपंचमीला, ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली असताना, आईने कौतुकाने ऋषीची भाजी वाढली. "बैलाच्या कष्टाचं काही नाही हां यात, सगळं आपल्या अंगणातलं. मोरीमागचं अळू बघ कसं माजलंय!" माझा घास तोंडातच फिरायला लागला. ताईची दुसरी वाटी संपत आलेली. मी उष्ट्या हातानेच शेजारच्या काकांकडे धावलो. ते एमआयडीसीत केमिकल कंपनीत होते. पुरलेल्या पिशवीचं सांगून मी विचारलं, "एवढ्या वर्षांच्या पावसात वाहून गेली असेल ना?" काका म्हणाले, "अरे, ती जात नाही, मातीत मुरून राहते. म्हणून तर बंद केली." परत आलो तर ताई म्हणत होती, "अगं आई, अजून थोडी वाढ ना." मी पातेलं उचलून मोरीत उपडं केलं. सणाचं अन्न फेकलं म्हणून आई रडली, पण मी कारण सांगितलं नाही, अजूनही कोणाला नाही. तेव्हा ताईच्या पोटात असलेली भाची आता कॉलेजात जाते, ठणठणीत आहे. तरी तिला साधा ताप आला की ताई पहिला फोन मला करते; म्हणते, तिची एवढी काळजी मामाशिवाय कोणाला आहे?