दाजींची बॅटरीवरची होडी

दाजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी बेळगावात, खडेबाजारातल्या बॅटरीच्या दुकानात उभी होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. नाव आदगोंडा. निपाणीकडे वेदगंगेच्या काठाला त्यांचं घर आणि तंबाखूचं रान नदीच्या पल्याड. होडीच्या बॅटरीला नव्या प्लेटा बसवायच्या म्हणून त्यांनी ती उतारूंच्या सर्व्हिस मोटारीतून बेळगावला पाठवली होती. सोबत निरोप होता, मास्तरीणबाईंनी, म्हणजे मी, सकाळची शाळा सुटल्यावर स्वतः उभं राहून काम करून घ्यावं. त्याच मोटारीचा ड्रायव्हर मला शोधत दुकानात आला. सकाळी पाटावर बसले, पाणी मागितलं, आणि आक्का तांब्या भरून आणेपर्यंत गेले. निघताना त्यानं बॅटरीकडे बघून विचारलं, "आता ही कशाला, बाई?" हमालाकडून मी ती मोटारीत चढवून घेतली आणि निपाणी येईपर्यंत पायांच्या मध्ये धरून बसले. दुखवट्याच्या घरी बॅटरी घेऊन जाणारी पंचक्रोशीत मीच पहिली असेन.

आता महिना उलटून गेला आहे. रडून झालं आहे, आणि आठवू लागले की डोळ्यांत पाणी येण्याआधी हसूच येतं. दाजी होतेच तसे. म्हणून ही होडीची गोष्ट सांगते, कारण ती सांगितली की दाजी सांगून होतात.

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर आमच्याकडे कोणी घास तोंडात घालत नाही. हा झाला धर्म. आक्कानं त्याला स्वतःचा एक नियम जोडला होता, नवरा जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. एरवी यात अडचण काही नव्हती. पण मध्ये नदी होती. पावसाळा सरला तरी पायी ओलांडण्याजोगा उतार पार उन्हाळ्याच्या तोंडाला मिळायचा, तोवर ये-जा नावेनं. आणि नाव भरल्याशिवाय नावाडी ती सोडत नसे. त्याचा तरी काय दोष? दाजी पल्याडच्या काठावर शेळ्या, पेंढ्या आणि बाजारकरी गोळा होण्याची वाट बघत उभे, आणि अल्याड आक्का घरामागच्या परड्यातून सूर्याकडे बघत उभी. लहानपणी बैलगाडीतून पडून दाजींचा उजवा हात खांद्यातून अधू झाला होता, त्यामुळे स्वतः वल्हं मारायची सोय नव्हती. कित्येकदा ते दारात पाय ठेवायचे आणि दिवस बुडालेला असायचा. मग दोघंही पाणीसुद्धा न घेता झोपायची. रानातच भाकरी खाऊन यायला दाजींना कोणी अडवलं नव्हतं, पण तिकडे बायको उपाशी असताना यांच्या घशाखाली घास उतरेना.

दाजींचं शरीर दणकट, त्यांना ते पचलं. आक्काला नाही. तिला पोटशूळ जडला. बेळगावच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले होते. त्यांनी बजावलं, पोट रिकामं ठेवलंत तर एक दिवस आतून रक्त जाईल. घरी आल्यावर दाजींनी आक्काला विनवलं, रागे भरले, माझ्याकरवी सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ते म्हणाले, बायको बदलत नाही तर नदी बदलायची. आणि त्यांनी एक लहानशी होडी विकत घेतली.

आता तिला मोटर कुठली लावायची, याचा खल सुरू झाला. पेट्रोलचं इंजिन मिळण्यासारखं होतं, पण लढाई चालू होती आणि पेट्रोल कुपनावर. शिवाय नदीच्या पाण्यात तेल सांडणार आणि जीव मरणार, म्हणून आक्कानं आधीच नाक मुरडलेलं. तेव्हा ठरलं, वीज. निपाणीच्या गॅरेजातले मिस्त्री दाजींचे दोस्त. त्यांनी मोटारगाडीचा स्टार्टर सुचवला. अख्खं इंजिन फिरवतो, होडी म्हणजे किस झाड की पत्ती. परड्यातल्या दगडी हौदात त्याची परीक्षा झाली. पंखा असा काही फिरला की हौदातलं निम्मं पाणी आमच्या अंगावर आलं. सगळे खूश. पण आक्काचा चुलीवरचा भात शिजायच्या आत बॅटरीनं मान टाकली. मिस्त्री म्हणाले, मग बॅटरी मोठी घेऊ. लॉरीच्या दोन बॅटऱ्या आणल्या आणि होडीच्या मागच्या टोकाला मोटरीशेजारी ठेवल्या. दाजी चढले मात्र, होडीनं शेपूट पाण्यात बुडवलं आणि नाक वर केलं. काठावरची माणसं अजून ती गोष्ट रंगवून सांगतात.

दाजी चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत, मला त्याचाच राग यायचा. हौदाच्या कठड्यावर बसून त्यांनी विचार केला आणि आपल्याला शर्यत थोडीच मारायची आहे, असं म्हणून स्टार्टर परत देऊन टाकला. त्याच्या जागी गाडीचा डायनॅमो आला. डायनॅमो फिरवला की वीज देतो, आणि त्यालाच वीज दिली की तो स्वतः फिरतो. जोर कमी, पण बॅटरी पुरवून पुरवून खातो. लॉरीच्या दोन बॅटऱ्यांऐवजी एकच ठेवली, तीही पुढच्या टोकाला, आणि तिथून जाड तारा मागे नेल्या. "फुडं बॅटरी, मागं मोटर, मधी मी. आता कशी तोल धरती बघ," असं दाजी मला म्हणाले. आक्काच्या सांगण्यावरून पंख्याभोवती तारेची जाळीही बसली, मासे कापायला नकोत म्हणून. जाळीनं वेग आणखी घटला. पण होडी चालू लागली. पिठाच्या गिरणीच्या इंजिनावर बॅटरी भरून मिळायची. नदीच्या मध्यावर आले की दाजी रबरी भोंगा दाबायचे, आणि तो ऐकला की आक्का तव्यावर भाकरी टाकायची. त्या हंगामात दोघं रोज उजेडी जेवली. आक्काचा पोटशूळ थांबला.

पुढच्या साली मात्र बॅटरी दिवसेंदिवस मंदावत गेली. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथेच होते. संध्याकाळी भोंगा वाजला, भाकरी तव्यावर पडली, फुगली. पण होडी येईना. भोंगा पुन्हा वाजला, मग पुन्हा, आणि दर वेळी नदीच्या जरा खालच्या अंगानं. आम्ही दोघी घाटावर धावलो. दाजी मधोमध बसून वाहत चालले होते. नावाड्यानं दोर टाकून त्यांना ओढून आणलं तेव्हा दिवस बुडालेला होता. थंड भाकरी तशीच राहिली, आणि इतक्या दिवसांनी दोघं पुन्हा उपाशी झोपली.

सकाळी मिस्त्रींनी बॅटरीची झाकणं काढली. आत पांढरे थर धरलेले. त्यांनी विचारलं, पाणी कुठलं घालता? तुम्ही सांगितलंत तेच, दाजी म्हणाले. कौलं धुऊन निघाल्यावर पावसाचं पाणी चिनी मातीच्या बरणीत धरायचं, तेवढंच घालायचं. तेव्हा दाराआडून आक्का बोलली.

"ते मी वतून दिलं."

साठवलेल्या पाण्यात जीव पडतात, ते घरात ठेवायचं कसं? म्हणून तिनं बरणी रिकामी केली होती, आणि आडाचं पाणी दुहेरी फडक्यानं गाळून, उकळून, निववून बरणीत भरलं होतं. फडक्यावरचे जीव नेमानं परत आडात सोडले होते. मुनीमहाराजांना चाललं असतं इतकं ते पाणी सोवळं होतं. फक्त बॅटरीला चाललं नाही. आमच्या आडाचं पाणी एवढं क्षाराचं की हंड्याच्या बुडाला खडू धरतो. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. मी आक्काकडे बघायचं टाळलं. दाजी मात्र पोट धरून हसले. "तुझं बघून बॅटरीनं बी उपास धरला की गं," म्हणाले.

आक्का हसली नाही. आपल्या हातानं नवरा नदीत अडकला, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. दाजींनी ते ओळखलं. मिस्त्री गेल्यावर ते तिच्यासमोर बसले आणि त्यांनी तिच्याकडे एक नेम मागितला. पल्याडच्या आंब्याला सूर्य टेकला की जेवायचं, मी असू दे, नसू दे. आक्कानं उलट अट घातली, होडीत भाकरीचा डबा ठेवायचा आणि वेळ झाली की दाजींनीही नदीतच जेवून घ्यायचं. "साकू, साकू, कबूल," दाजी म्हणाले. पुरे म्हणायला त्यांना कानडीच आठवायची. नेम झाला, आणि मग आक्काच्या डोक्यात उजेड पडला.

"एवढ्यावर भागत हुतं, तर मोटर कशाला केलीसा?"

"उपास चुकवाय नेम पुरतो," दाजी म्हणाले. "तुझ्यासंगं जेवाय मोटर लागती."

आक्का उठून आत गेली. मी हातातल्या वर्तमानपत्रात तोंड घातलं. लग्न, संसार यावर मी आजवर पुष्कळ ऐकलं आणि वाचलं आहे, पण त्या एका वाक्यापुढे जाणारं मला अजून काही मिळालेलं नाही.

तो हंगाम मंदावलेल्या बॅटरीवरच निभावला, आणि पावसाच्या तोंडाला तिला नव्या प्लेटा घालायला पाठवून दाजी गेले. त्या दिवशी मी पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. माजघर बायकांनी भरलं होतं. शेजारणींनी जेवण आणलेलं, पण आक्का आज जेवेल असं कोणाच्या मनातही नव्हतं. ती परड्याच्या दारात बसून होती. नदीपल्याडच्या आंब्याला सूर्य टेकला आणि ती उठली. हात धुतले, ताट घेतलं, स्वतःच वाढून घेतलं. एका म्हातारीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. आक्कानं ते बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "माझा नेम हाय." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ती जेवली. आपल्या माघारी बायको उपाशी राहू नये याची तजवीज माणूस इतक्या आधी, हसत हसत करून ठेवतो... दाजी, तुमचे उपकार कुठल्या शब्दांत मानू? माझी बहीण तुम्ही मला ठेवून गेलात.

परवा पुन्हा गेले होते. ती बॅटरी जिन्याखाली कोरड्या फळीवर ठेवलेली. आक्का तिची झाकणं काढून बरणीतून पाणी घालत होती, पावसाचंच. बरणीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधून धरलेलं, म्हणजे मिस्त्रीही राजी आणि धर्मही. ड्रायव्हरचा तो प्रश्न इतके दिवस माझ्या मनात अडकून होता. मी तो तिला विचारला, आता ही कशाला?

"पूर उतरला की रानात कोन जानार? तू?" ती म्हणाली. "वल्हं माराय नगं, खटका तेवढा दाबायचा. मला जमंल."

भोंगा तिनं आधीच पुसून खुंटीला लावला होता. शेजारी भाकरीचा डबा. परड्यातून ऊन तिरकं आत आलं होतं. तिनं बरणीचं बूच घट्ट बसवलं, हात धुतले आणि मला म्हणाली, "चल, ताट घे. आंब्याला टेकला बघ."