री म्हणजे परत

अशा लांब नका बसू गं पोरींनो, सरका जवळ. इंग्रजीचं नाव काढलं की तोंड लपवता, त्याचाच राग येतो मला. ऐका.

लातूरच्या एका क्लासात सरांनी मला भरल्या वर्गापुढं उभं केलं होतं. त्यांच्या हातात माझी वही. जुन्या टेस्टपेपरच्या कोऱ्या बाजू सुईदोऱ्यानं शिवून केलेली.

"काय मावशी, इंग्रजी शिकायलात का?"

मी तिथं झाडू मारायची, फळा पुसायची. भूकंपात गाव गेलं, आमचे मालक गेले, म्हणून पत्र्याच्या शेडातून लातुरात आलेली. एबीसीडी शेडातल्या लेकरांच्या पुस्तकात गिरवलेली. एक बॅच सुटून दुसरी बसेपर्यंत फळ्यावरचं उतरवायची, मग पुसायची. शब्दाच्या आधी री लागलं की बहुतेक वेळा 'परत'. रिटर्न, परत येणं. रिकॉल, परत आठवणं. रिबिल्ड, परत बांधणं. एवढ्याशा री नं इतके शब्द उघडतात, लई नवल वाटायचं.

"सांगा, रिबिल्ड म्हणजे काय?"

मला येत होतं. मला नाही येणार तर कुणाला येणार? पण तोंड उघडेना.

"राहू द्या. रिपीट मी सांगतो. सकाळी झाडू, संध्याकाळी परत झाडू. घ्या रे लिहून."

वर्ग हसला. काहींनी खरंच लिहून घेतलं.

आणि मी? हात जोडले. "चुकलं सर," म्हणले. त्यांच्या हातातली वही घेऊन बाहेर आले.

भूकंपानंतर मदतीच्या रांगेत उभं राहून राहून सवयच लागली होती. भांडी घ्यायची, हात जोडायचे. सतरंजी घ्यायची, हात जोडायचे. पण इथं मला कुणी काय दिलं होतं? त्यांच्या हसण्याची लाज कधीच गेली. त्या जोडलेल्या हातांची अजून वाटते. आता सांगतानाही वाटायलीय.

दुसऱ्या दिवशी बॅच सुटली. सर दारात.

"पुसा लवकर."

मी डस्टर टेबलावर ठेवलं. वही काढली.

"उतरवून घेते. मग पुसते."

"काम सोडायचंय का?"

"न्हाई. काम बी करीन, शिकीन बी."

शेवटची ओळ उतरवली, मगच फळा पुसला. आठवड्यात काढलं मला. दुसऱ्या क्लासात गेले, तिथं पहिल्याच दिवशी अट सांगितली: आधी उतरवणार, मग पुसणार.

शिकल्याची माफी मी परत कुणाला मागितली नाही. मरेस्तोवर मागणार नाही. तुम्हाला कुणी मागायला लावली, तर दुसऱ्याच दिवशी माझ्याकडं या. शिकायला तसंही या, लवकर या.