पदराखालचे हात

मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेतल्या बाई दर रविवारी पुण्याहून चिंचवडला आमच्या घरी यायच्या. कधी बसायच्या नाहीत. माझ्या लेकीचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवून उभ्याउभ्याच तिच्याकडून "बा, बा" म्हणून घ्यायच्या, पण डोळा माझ्या हातांवर. "खुणा करायच्या नाहीत हं. मग ती बोलायची कधी?" त्या आल्या की मी हात पदराखाली घ्यायची.

एकदा लेक अचानक रडायला लागली. बाईंनी ओठ हलवून पुन्हापुन्हा विचारलं. पोर नुसती कपाळावरून आडवं बोट ओढत राहिली. मला कळत होतं, पण हात बाहेर काढायचा धीर होईना.

"अहो, काय म्हणतेय ती?" बाई माझ्यावरच ओरडल्या.

"कपाळावरची टोपी म्हंजी तिचा बा. कारखान्यातनं कवा येनार, इचारतीय."

बाईंनी माझा पदर बाजूला सारला. "मग सांगा ना तिला!"

मी हवेत भाकरी थापून दाखवली. म्हणजे जेवायच्या वेळेला. लेक हसली. बाई मटकन खाली बसल्या आणि चुकतमाकत तशीच भाकरी थापू लागल्या.

निघताना दारात म्हणाल्या, "शाळेत मात्र हे कुणाला बोलू नका." आणि आपले हात पदराखाली घेतले.