सहीखालचा आकडा

रोज सकाळी अध्यक्षांच्या खोलीचं कुलूप काढलं की मावशी आधी टेबलावरचा ग्लास विसळायच्या, ताज्या पाण्याने भरायच्या आणि वर झाकणी ठेवायच्या. संध्याकाळी तेच पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतायच्या. पाणी पिणारा माणूस चौदा महिन्यांपासून तुरुंगात होता. शिक्षा झाली होती, पण अपिलाचा निकाल लागेपर्यंत पद जात नाही, असं कायदा सांगत होता. म्हणून खुर्ची त्यांची, सही त्यांची. झिजायचे ते नगरपालिकेच्या या शिपाईबाईंचे गुडघे. त्यांना सगळेच मावशी म्हणायचे, त्यांच्याहून मोठा हेडक्लार्कसुद्धा.

दर गुरुवारी फायलींची पिशवी घेऊन, दोन बस बदलून त्या तुरुंगात जायच्या. अध्यक्ष जाळीपलीकडे उभ्या उभ्या सह्या करायचे. त्या गुरुवारी पिशवीत मावशींच्या मुलीचा कागद होता. नऊ वर्षं ती पालिकेच्या पंपघरात रोजंदारीवर राबत होती. तिला कायम करण्याचा हुकूम. शनिवारी महिना संपला की कायम करायच्या माणसांची यादी रद्द, आणि पुढची कधी निघेल याचा नेम नव्हता.

सही झाली. मावशींनी तो कागद बसमध्ये मांडीवर धरून आणला, पिशवीतसुद्धा ठेवला नाही.

शुक्रवारी हेडक्लार्कने तो हातात घेतला आणि चष्मा पुसला.

"मावशी, ही सही कोणाची?"

"साहेबांची. माझ्या डोळ्यांदेखत केली."

"मग खाली हे चार हजार एकशे सत्तावीस काय आहे?"

मावशींनी वाकून पाहिलं. तुरुंगात कशावरही सही केली, की खाली कैद्याचा क्रमांक घालावा लागतो. चौदा महिन्यांत हाताला तेच वळण पडलं होतं.

"अध्यक्षाला नंबर नसतो," हेडक्लार्क म्हणाला. "ही कैद्याची सही झाली. हा कागद पुढे नेला तर माझीच रवानगी तिकडे व्हायची."

"माणूस तर एकच आहे ना?"

"ते मला नका विचारू. चौदा महिने मीही तेच विचारतोय." त्याने उसासा टाकला आणि हुकूम पुन्हा टाइप करून दिला.

शनिवारी सकाळी पहारेकऱ्याने मावशींना तुरुंगाच्या दारातच अडवलं.

"आज भेटीचा वार नाही. गुरुवारी या."

"गुरुवारपर्यंत यादी राहत नाही, बाबा."

"आणि साहेबांना तरी वेळ कुठाय? सतरंज्या विणायला बसवलंय त्यांना!"

मावशी बाकावर टेकल्या. हसायचं त्राण नव्हतं, भांडायचंही. दोन तास झाले, तीन झाले. शेवटी पहारेकरीच कंटाळला. "तुम्ही काही उठायच्या नाही," असं पुटपुटत आत गेला आणि पाच मिनिटांची परवानगी घेऊन आला.

अध्यक्षांनी जुना कागद पाहिला. आकड्यावरून अंगठा फिरवला.

"लक्षातच आलं नाही, मावशी."

एके काळी या आवाजाने अख्खी इमारत दचकायची. आता मावशींना तो ऐकायला जाळीला कान लावावा लागला.

अध्यक्षांनी नव्या कागदावर सही केली, शेवटची रेघ ओढली, आणि पेन आपसूक खाली सरकलं. मावशींनी जाळीखालच्या फटीतून हात घालून सहीच्या खाली तळवा ठेवला.

"एवढंच, साहेब."

पेन तिथेच थांबलं. "खोलीत कोण बसतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. पाणी भरून ठेवते."

कचेरी बंद व्हायच्या आत मावशी पोचल्या. सोमवारी मुलगी नेहमीच्याच वेळी पंपघरात गेली. पण कायम होऊन.

वर्षभराने मावशी निवृत्त झाल्या. अपिलाचा निकाल अजून लागला नव्हता. शेवटच्या संध्याकाळी किल्ली दुसऱ्या शिपायाच्या हातात दिली तेव्हा त्याने विचारलं, "हे पाणी रोज भरायचं का?"

मावशींनी ग्लास कुंडीत रिकामा केला, पदराने पुसला.

"नको. पालथा घालून ठेव. धूळ बसते आत."