सुबक टंकलेखनाबद्दल आभार

माईक सरांच्या हातात होता आणि माऊस माझ्या. विभागात कार्यशाळा होती, गणिताची समीकरणं कॉम्प्युटरवर कशी बसवायची याची. पडद्यावर मी रात्रभर खपून केलेलं पान होतं. पुण्याहून आलेल्या पाहुण्या मॅडमना ते आवडलं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "या कोण? फार देखणं काम आहे."

सर हसले. माईक तोंडापुढून काढला नाही.

"ही आमची टायपिस्ट. हिचा बाप तिकडं मुरगूडकडं दावी वळतो. ही हितं समीकरणं वळते. वळायचं काम रक्तातच असतंय त्यांच्या."

सभागृह हसलं. पाहुण्या मॅडम आधी गोंधळल्या, मग त्याही हसल्या. पुढच्या रांगेतली पोरं मागं वळून एकमेकांना सांगायला लागली. ज्यांना कळलं नव्हतं त्यांना आता कळलं, मी कोणाची. आणि मीही हसले. दात दाखवून. अजून आठवलं की तोंडात कडू येतं.

बापाचं काम मीच सरांना सांगितलं होतं. पहिल्या भेटीत. त्यांनी आपुलकीनं विचारलं, "घरी काय करतात?" मी खरं सांगितलं. शिकलेला माणूस, जयंतीला समतेवर भाषण ठोकणारा माणूस, म्हणून विश्वासानं सांगितलं.

मी टायपिस्ट नाही. माझी एम.एस्सी. गणितात झाली. याच सरांकडे पीएच.डी.ला नोंदणी आहे, फेलोशिप माझ्या नावावर यायची. पण विभागात मला संशोधक म्हणून कुणी ओळखत नव्हतं. "टायपिंगवाली कुठाय?" असंच विचारायचे.

चूक झाली ती लॅटेक येतं म्हणून. लॅटेक हे गणित टाईप करायचं सॉफ्टवेअर. वर्डमध्ये समीकरण बसवलं तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर त्याचे चौकोन होतात, वर्गमूळ एकीकडे आणि आकडा दुसरीकडे. लॅटेकमध्ये तसं होत नाही. तिथं हुकूम लिहायचे. अपूर्णांक पाहिजे तर त्याचा हुकूम, मग महिरपी कंसात वरचं, महिरपी कंसात खालचं. शेवटी बटण दाबलं की छापील पुस्तकासारखं पान बाहेर पडतं. एक कंस मिटायचा राहिला की मात्र पान नाही, नुसत्या लाल ओळी. मी हे एम.एस्सी.ला असताना मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. मला ते आवडायचं. कागदावरचं माझं वेडंवाकडं गणित पडद्यावर कुणाच्याही गणितासारखं दिसायचं. बघणाऱ्याला कळायचं नाही, हे कुठल्या वस्तीतून आलंय.

सरांना हे येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. ते हातानं लिहिलेल्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे, खाली लिहायचे, "करून ठेव." त्यांचं पुस्तक मी केलं. त्यांच्या मित्रांचे पेपर केले. विभागातल्या सगळ्या पोरांचे प्रबंध केले. प्रत्येकाच्या शेवटी आभाराच्या पानावर मी असायची. आईवडील, गुरुजन, ग्रंथालयातले कर्मचारी, आणि त्यांच्या खाली "सुबक टंकलेखनाबद्दल". ती ओळसुद्धा मीच टाईप करायची.

आमच्याकडं बेंदराला, बैलांच्या सणाला, आण्णा, माझा बाप, अजून नवी दावी, कासरे, म्होरक्या घेऊन शेतकऱ्यांच्या दारात जातो. बाजारात नायलॉनची दोरी स्वस्त मिळते, तरी सणाला बैलाच्या गळ्यात आण्णानं वळलेलंच पाहिजे. लहानपणी मी त्याच्याबरोबर जायची. दावं अंगणात खाली ठेवायचं. हातात द्यायचं नाही. मग आतून माणूस यायचा, ते उचलायचा, ताणून बघायचा, म्हणायचा, "यंदा झ्याक झालंय." आण्णा खूश व्हायचा. पोळी वरून पडायची, आईनं दिलेल्या फडक्यात. वस्तू घरात जायची आणि आम्ही बाहेरूनच परत फिरायचो. मला वाटायचं, शिकले की यातून सुटले.

विभागात तरी काय वेगळं होतं? माझं पान आत जायचं. माझा चहाचा कप मी धुऊन खिडकीत ठेवायची. बाकीच्यांचे शिपाई मामा धुवायचे. हा नियम कुणी केला नव्हता. पहिल्या आठवड्यात मामांनी माझा कप तेवढा मागं ठेवला, आणि मी मुकाट्यानं उचलला, बस्स.

आता माझ्या प्रमेयाचं सांगते.

सरांच्या जुन्या पेपरांत एक अट होती. प्रत्येक प्रमेयात ती यायची. हातानं लिहिणारा माणूस "वरीलप्रमाणे" म्हणून पुढं जातो. मला मात्र ती अख्खी टाईप करावी लागायची, चार ओळींची, कंसांनी भरलेली. दर वेळी बोटं दुखायची आणि दर वेळी डोक्यात यायचं, ही वापरतात कुठं? एके दिवशी चिडून शोधायला बसले. सिद्धतेत ती एकाच जागी लागत होती आणि त्या जागी दुसरी वाट दिसत होती. ती वाट धरून मी बरेच महिने चालले. मुरगूडच्या एसटीत, वहीच्या मागच्या पानांवर, घरी भाकरी थापता थापता. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बसलं. ती अट लागतच नव्हती.

सरांनी वाचलं. पानं उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले, "बरं हाय. पेपरात घालू. तिसरं प्रमेय म्हणून." लेखकांच्या ओळीत त्यांचं नाव पहिलं, माझं दुसरं. मी ते आडनावासकट टाईप केलं. माझा प्रबंध त्याच प्रमेयावर उभा राहणार होता. ते गेलं तर माझ्याकडे काहीच उरत नव्हतं.

कार्यशाळेनंतरच्याच आठवड्यात सरांनी केबिनमध्ये बोलावलं. राजवर्धन तिथं बसला होता. हा सरांचा दुसरा विद्यार्थी, वडील संस्थेचे संचालक. पोरगा वाईट नाही. मला ताई म्हणायचा. "ताई, तेवढं बसवून द्या की," म्हणत फायली आणून द्यायचा आणि येताना वडापाव आणायचा.

"तो पेपर आज पाठवायचा," सर म्हणाले. "बस. वरच्या ओळीत तुझं नाव हाय तिथं राजवर्धनचं टाक."

मला वाटलं, तिसरं नाव घालायचं आहे. मी विचारलं, "माझ्यानंतर?"

"तुझ्या जागी. तुझं आभारात घे. त्याची मुलाखत हाय, पेपर लागतोय. तुला काय घाई? तुमच्या जागा राखीव असत्यात."

मी खुर्चीत बसले. सवयीनं. फाईल उघडली. पहिल्या ओळींतच ते होतं, लेखकाचा हुकूम, महिरपी कंस, आत आम्ही दोघं. कर्सर माझ्या आडनावाच्या शेवटी लुकलुकत होता. सर मागं उभे होते, त्यांच्या श्वासाला सुपारीचा वास होता. राजवर्धन मोबाईलमध्ये बघत होता.

कळ दाबत राहायची, बास. अक्षर अक्षर मागं जात राहतं. नाव नाहीसं होतं आणि कुठं काही मोडत नाही, लाल ओळ येत नाही, पान तितकंच देखणं निघतं. हे मला त्या क्षणी दिसलं आणि अंगात आग भडकली. कार्यशाळेत हसलेलं सभागृह, माझं स्वतःचं हसू, खिडकीतला कप, सगळं एकदम वर आलं. आतापर्यंत काढून घेतलं ते त्यांनी घेतलं होतं. हे मात्र माझ्याच बोटांनी करायला सांगत होते.

मी हात मांडीवर घेतले.

"काढणार न्हाय."

"काय म्हणालीस?"

"माझं नाव मी काढणार न्हाय. तिसरं प्रमेय माझं हाय."

सरांचा आवाज चढला नाही. "खाल्ल्या घरचे वासे मोजायला लागलीस व्हय?"

मी त्या घरचं काय खाल्लं होतं? मी उठले. राजवर्धन म्हणाला, "ताई, मला यातलं काय म्हाईत न्हाई." म्हाईत नव्हतं तर आता झालं होतं. पण तो खुर्चीवरून हलला नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला कुणाला आवडत नाही?

फाईल त्यांच्याकडं होतीच. ओळ बदलायला लॅटेक यावं लागत नाही. त्याच संध्याकाळी पेपर गेला आणि काही महिन्यांनी छापूनही आला. सर आणि राजवर्धन. शेवटी आभार. सुबक टंकलेखनाबद्दल.

मी संस्थेकडे तक्रार केली. चौकशी समिती बसली. लांब टेबल, पलीकडे तिघं, अलीकडे मी. अध्यक्ष एक मॅडम होत्या, मवाळ बोलणाऱ्या. पाणी विचारलं. मग म्हणाल्या, "तुझ्याकडे पुरावा काय?"

"फाईल माझ्या लॅपटॉपवर हाय. पहिल्यापासून. कच्ची, पक्की, सगळी."

"विभागातल्या सगळ्यांच्याच फाईली तुझ्या लॅपटॉपवर आहेत ना?"

"हाईत."

"सगळ्यांच्याच कच्च्या, पक्क्या?"

"व्हय."

"मग हीसुद्धा त्यातलीच."

माझीच कामगिरी माझ्या अंगाशी आली होती. सगळ्यांचं गणित मी एकाच साच्यात, एकाच टापटिपीनं बसवलं. सरांचं, राजवर्धनचं, माझं. आता कुणाचं कुठलं, सांगता येत नव्हतं. वही दाखवली. सरांनी समितीला सांगितलं, "मी सांगितलेलं ती वहीत उतरवून घ्यायची." समितीनं मान डोलावली.

मी म्हणाले, "फळा द्या. आत्ता सिद्ध करून दाखवते."

मॅडम हसल्या. दुष्टपणा नव्हता त्यांच्या हसण्यात, हेच जास्त लागलं. "अगं, पाठ असणारच तुला. टाईप तूच केलंयस."

ज्याला येत नाही त्याला कुणी विचारलं नाही. जिला येतं तिचं पाठांतर ठरलं. राजवर्धनला फळ्याजवळ बोलवा, असं मी म्हणाले. तो विषय नाही, असं उत्तर मिळालं.

मग त्यांनी तोडगा काढला. गैरसमजातून तक्रार झाली असं मी लिहून द्यायचं. माझा सहभाग टंकलेखनापुरता होता असंही त्यात लिहायचं. मग फेलोशिप चालू राहील, सर नवीन विषय देतील, कुणाचं नुकसान नाही. आणि शेवटी, दार उघडता उघडता, त्या मॅडम म्हणाल्या, "तूच टाईप करून आण. तुझं सुबक असतं."

घरी आण्णाला सांगितलं. तो घायपाताच्या वाखाला पीळ देत बसला होता. हात थांबवला नाही. "दे की लिवून," म्हणाला. "मोठ्या मानसांच्या वाटंला जाऊन आपलं कवा बरं झालंय? चार अक्षरं लिवली म्हणून काय हात झिजत्यात व्हय?"

"झिजत्यात, आण्णा."

त्यानं वाख आवरला आणि आत गेला. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. मला त्याचा राग येत नाही. त्याच्या पोटात ही भीती कुणी घातली ते मला माहीत आहे. पण ती मी पुढं नेणार नाही. त्याच्यासाठीसुद्धा नाही.

मी लिहून दिलं नाही. समितीनं तक्रार निकाली काढली. माझ्या प्रगती अहवालावर सर सही करत नाहीत, म्हणून फेलोशिप बंद आहे. दुसरा मार्गदर्शक मागितला. प्रत्येकजण म्हणतो, काम चांगलं आहे, पण आत्ता जागा नाही. विभागात गेले की बोलणी थांबतात. टायपिंगची कामं मात्र अजून येतात, तिसऱ्याच्या हातून, गोड निरोपासह. मी एकही घेत नाही.

काल त्या नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलं. तुम्ही छापलेल्या लेखातलं तिसरं प्रमेय माझं आहे. सिद्धता सोबत जोडली आहे. छापलेल्या लेखात एक पायरी सरांनी घाईत गाळली आहे, तीही भरली आहे. मला आणि त्या दोघांना वेगवेगळं बसवा आणि ही पायरी विचारा. खाली नाव घातलं. आडनाव घातलं. गाव घातलं.

ते संस्थेला विचारतील. संस्था म्हणेल, ती टायपिस्ट होती. मला ठाऊक आहे. मग मी पुन्हा लिहीन. सरांचा पुढचा पेपर जिथं जाईल तिथं लिहीन. ज्या सभागृहात ते माईक धरतील तिथं मागच्या रांगेत बसेन आणि प्रश्नांची वेळ आली की उभी राहीन. एकच प्रश्न विचारीन, ती पायरी कशी येते? विचारतच राहीन. त्यांनी उत्तर दिलं तर बसेन. नाही दिलं तर फळ्याकडे चालत जाईन, आणि मला अडवायचं असेल तर सगळ्यांसमोर हाताला धरून अडवावं लागेल.