अख्खी रांग शिंकली, दोघं सोडून

मंडळी, आत्ताच सुरतहून नंदुरबारला परतले. अजून हसू आवरत नाहीये!

नाताळच्या सुटीत सासूबाईंना मॉलमधला खोटा बर्फ दाखवायला नेलं होतं. तिथल्या नणंदेला द्यायला नव्या मिरचीचं तिखट त्यांच्या पिशवीत होतंच.

दारावरच्या गार्डने पुडी सोडली आणि थेट नाकाशी नेली. झालं! आधी तो शिंकला, मग अख्खी रांग. सांताक्लॉजची दाढीसुद्धा निसटली. मी माहेरची नाशिकची, त्यामुळे मीही शिंकून लाल.

सासूबाई मात्र ढिम्म. आणि पुढे नातीचा हात धरून उभे असलेले एक चाचाही.

सासूबाईंनी विचारलं, "तुम्हले ठसका नही लागना?"

चाचा हसले. "भाभी, मन्ही जिंदगी नंदुरबारना मिरची बाजारमा गई!"

मग काय, चाचांच्या नातीबरोबर बर्फात लोळले मी, आणि ही दोघं बाकावर बसून यंदाच्या मिरचीवर बोलत राहिली. चाचा निघाले आमच्याच मागच्या गल्लीतले! इतकी वर्षं साधी ओळख नव्हती. ती झाली सुरतेत जाऊन न शिंकल्यामुळे!

तुम्हाला परगावात आपलं माणूस कशावरून सापडलं?