भैरोबाचा टोप आणि भटू नानाचं डोकं

"फिरस ना वं! देख, मी तुनाकडे देखस आनि टोप चुल्हाकडे देखस. असा देव कोठे व्हस का?"

यशोदाबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली आणि पिठाच्या हातानेच पदर तोंडाला लावला. नवऱ्याच्या डोक्यावर नाकापर्यंत येणारा पत्र्याचा टोप, टोपाला रंगवलेले डोळे थेट कानावर गेलेले, आणि खाली भटू नानाची चार दिवसांचे खुंट आलेली हनुवटी.

"हासू नको. हाई कोनीतरी करेल शे."

"कोन करी? टोपले काय पाय शेतस?"

"तोताराम," भटू नाना टोपाच्या आतून बोलला. आवाज डब्यातून आल्यासारखा आला.

साक्रीच्या पलीकडे डोंगराला टेकलेलं हे गाव. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी इथे भोवाडा होतो. माणसं देवांची सोंगं घेऊन संबळाच्या तालावर नाचतात. कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं ते आज्यापणज्यापासून ठरलेलं. भैरोबाचा मान भटू नानाच्या घराचा. पण गेल्या साली लाकडी टोपाला आतून वाळवी लागलेली, ऐन नाचात तो फुटून पडला. टोप पडला म्हणजे देवाने घर नाकारलं, असं गाव मानतं. पंचांनी दोष वाळवीवर टाकला म्हणून त्या साली निभावलं. पण पंचांतल्या थोरल्या अभिमन आबांनी सांगून ठेवलं, नवा टोप कर आणि भोवाड्याच्या आदल्या दिवशी देवळापुढे पाच उड्या मारून दाखव. पडला तर भैरोबा तुझ्या चुलतभावाच्या घरी जाईल.

चुलतभाऊ म्हणजे तोताराम. आणि कालच धुळ्याहून एसटीने टोप आणून दिला तो तोतारामनेच.

भटू नाना आधीच संशयाचा माणूस. दुसऱ्याच्या घरी चहा दिला तर हुंगून पिणारा. एसटीच्या टपावर गोणी टाकली तर दर थांब्याला उतरून बघणारा. आता तर त्याला धागाच सापडला. तोतारामचं डोकं त्याच्याहून बोटभर मोठं. वाटेत मांडीवर घेऊन, गुडघ्यांनी दाबून, टोप ताणला नसेल कशावरून? नाहीतर पत्रेवाल्यालाच फितवलं असेल.

उड्यांना एकच दिवस उरला होता. भटू नानाने टोप गोणपाटात गुंडाळला आणि सकाळची एसटी धरली. कंडक्टर म्हणाला, वर ठेव. ठेवला नाही. धुळ्यापर्यंत मांडीवर पोरासारखा धरून बसला.

पत्रेवाल्या नूर महंमदचं दुकान स्टँडमागच्या गल्लीत. रॉकेलच्या चिमण्या, नरसाळी, तेलाच्या डब्यांच्या चाळण्या, असं सगळं दारातच टांगलेलं. भटू नाना थेट गेला नाही. समोरच्या टपरीवर एका चहात अर्धा तास काढला. तोताराम कुठून निघतो का, नूर महंमद कोणाशी कुजबुजतो का, ते बघितलं. कुजबुजायला हातोडा थांबायला हवा, तो काही थांबेना. शेवटी उठला आणि टोप त्याच्यापुढे आदळला.

"कोना डोकानं माप घिदं?"

"तुम्हनंच, नाना." नूर महंमदने खिळ्यावरची गाठ मारलेली सुतळी काढली आणि भटू नानाच्या डोक्याभोवती फिरवली. गाठीला गाठ भिडली.

"हाई सुतळी तीच शे?"

"मंग काय तुम्हनाकरता रातभर नवी वळसू?"

त्याने टोप उचलून भटू नानाच्या डोक्यावर दाबला. "हलावा मान." भटू नानाने बैलासारखी मान झटकली. टोप तसूभर हलला नाही. भटू नानाने टोप उतरवून आतून बोट फिरवलं. घरी गरगर फिरणारा टोप इथे येऊन शहाणा झाला! याने आत्ताच काहीतरी हातचलाखी केली.

"घरमा कसा घाला व्हता?" नूर महंमदने विचारलं.

"आंघोळ करीसन, उघडा डोकावर. देव काय टोपीवर बठस?"

नूर महंमद त्याच्या डोक्याकडे बघत राहिला. मग हातोडा खाली ठेवून हसायला लागला. टोपाखाली टोपी होती, तीन वर्षांच्या तेलाने जाड झालेली. टोपीखाली उन्हासाठी फडक्याची चौपदरी घडी. ते बोटभर अंतर सगळं तिथे होतं.

"मंग मी माप घिदं त्या दिन टोपी काब्र नही काढी, नाना?"

"भरबाजारमा उघडा डोकानं? मना घरमा काय सुतक व्हतं?"

बोलता बोलता त्याला आठवलं. त्या दिवशी हात टोपीकडे गेला होता. बरोबर आलेला तोताराम म्हणाला होता, "ऱ्हाऊ दे नाना, लोके काय म्हनतीन." आता ते अब्रूपोटी म्हणाला की पोटात काही ठेवून म्हणाला?

नूर महंमदने टोपाची कड तारेवर वळवून घेतली, म्हणजे कान कापायला नको. काठाने भोकं पाडली. "आत कापूस भरीसन पट्टी शिवा, कपाळले जाड, मांगे बारीक. दोरी कानना मांगून ल्या, कानवरथीन नही." भटू नानाने प्रत्येक भोक बोटाने तपासलं, मगच उठला.

घरी यशोदाबाईने जुनी गोधडी उसवून पट्टी शिवली. कापूस कोणत्या शेतातला, हे त्याने दोनदा विचारलं. "तोतारामना नही," ती म्हणाली, "आते सुई टोची दिसू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे पाचपंचवीस माणसं जमली. तोताराम पुढे आला. "आन नाना, दोरी मी बांधस."

"दूर ऱ्हाय."

दोरी यशोदाबाईने बांधली. संबळ वाजला. एक, दोन, तीन. चौथ्या उडीला पाय दगडावर पडून भटू नाना कलंडला, गुडघा टेकला, पण टोप कपाळाला धरून राहिला. पाचवी उडी त्याने रागानेच मारली.

"बठना," अभिमन आबा म्हणाले. "मान तुनाच घरमा."

तोताराम जवळ आला. "नाना, मना पोटमा पाप नही रे. टोपी ऱ्हाऊ दे म्हनं ते तुनीच अब्रूकरता."

भटू नानाने टोपाच्या रंगवलेल्या डोळ्यांखालच्या भोकांतून त्याच्याकडे बघितलं. भोकं बारीक. एका वेळी तोतारामचं तोंड दिसे नाहीतर डोळे दिसत, दोन्ही मिळून काही दिसेनात. "व्हई," म्हणजे असेल, एवढंच तो म्हणाला.

घरी जाऊन त्याने टोप धान्याच्या कोठीत घातला, कुलूप लावलं, चावी करदोड्याला बांधली. मग गुडघ्याला हळद चोपडून बैल जुंपले. उकिरडा अर्धाच उपसला होता, आणि उन्हं चढायच्या आत दोन गाड्या शेणखत वावरात पडायला हवं होतं. त्याने टोपी नीट बसवली, पाटी उचलली आणि भरायला लागला.